जुन्या छोट्या डेस्कटॉपचा वेग कसा वाढवला? कोकणातले अनुभव

कार्यालयांतून बाहेर पडलेले छोटे डेस्कटॉप कोकणातल्या अनेक घरांत, शाळांत आणि दुकानांत अजून कामाचे आहेत. मात्र ते मंदावले की लोक थेट नव्याची चौकशी करू लागतात. आपण काय बदलले, ते बदलण्यापूर्वी नेमके कुठे अडत होते आणि आपल्या दमट, खाऱ्या हवेत त्याचा उपयोग किती झाला, हे तपशिलाने लिहावे, अशी विनंती आहे. ‘एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घाला’ एवढ्याने कोणाचा निर्णय सोपा होत नाही.

गुहागर, आंबा बागायतदार

आमच्या संगणकात चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे. हंगामात पेट्यांचा हिशेब उघडताना फार वेळ जाई. टास्क मॅनेजरमध्ये पाहिले, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता आणि डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर होती. हार्ड डिस्कमध्ये वाचणारे टोक प्रत्येक लहान फाइलसाठी जागा बदलते आणि त्यात काही मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली वाचाव्या लागत असल्याने सगळा उशीर तिथेच साचतो. अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची एक पद्धत) एसएसडी त्याच जागी बसली. साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटची असली, तरी खरा फरक त्या आकड्यापेक्षा हे शोधणे थांबल्यामुळे पडला. जुनी डिस्क क्लोन करण्याआधी, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवण्याआधी, हिशेबाची प्रत वेगळी काढली होती आणि क्लोनिंग यूपीएसवरच केले. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

राजापूर, शिक्षक

वरील अनुभवाशी मी सहमत आहे, पण आमच्या शाळेत ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) हीसुद्धा तितकीच मोठी अडचण होती. ब्राउझर आणि सादरीकरण एकत्र उघडले की रॅम भरून जाई आणि उरलेला भार डिस्कवर पडे. या छोट्या डेस्कटॉपांना बहुधा लॅपटॉपच्या मापाची रॅम लागते. जुन्या यंत्रांत रॅमचा डीडीआर३ हा प्रकार की १.३५ व्होल्टची डीडीआर३एल चालते, हे आधी पाहावे. डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. ४ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्यावर रॅम आणि प्रोसेसर यांच्यातले दोन्ही मार्ग वापरात आले. अंतर्गत ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने व्हिडिओही सुरळीत चालू लागले.

मालवण, संगणक दुरुस्तीचा व्यवसाय

माझे मत थोडे वेगळे आहे: काहीही विकत घेण्यापूर्वी पेटी उघडून साफ करावी. किनाऱ्यालगत धूळ नुसती बसत नाही, तर ओलाव्याने तिचा थर पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णताशोषकाच्या फटींत घट्ट चिकटतो. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि मालकाला वाटते की यंत्र म्हातारे झाले. थर ब्रशने काढून, वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता उष्णताशोषकाकडे नेणारा लेप) पुसून नवी लावल्यावर अनेक यंत्रे पुन्हा पूर्ण वेगाने चालतात. रॅमच्या सोनेरी टोकांवरचा मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि पूर्ण सुकल्यावरच वीज जोडावी. तारीख वारंवार मागे जात असेल, तर सीआर २०३२ हा बटण सेल बदलावा. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत.

अलिबाग, लेखापाल

प्रोसेसर बदलण्याच्या मी विरोधात आहे. या पेट्यांत अनेकदा ३५ वॅटचा प्रोसेसर असतो आणि पंखा व अडॅप्टर त्याच मापाचे असतात. तिथे ६५ वॅटचा बसवला तर उष्णता बाहेर जाणार कुठून?

वेंगुर्ले, ग्रंथालयातील कार्यकर्ती

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे भाग बदलूनही आमच्या यंत्राचा प्रश्न अर्धाच सुटणार होता. आम्ही एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग प्रणाली घातली. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आधीपासूनच आहे, आणि पुस्तकांची नोंद लिब्रऑफिसमध्ये सहज होते. मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून प्रिंटर आणि वायफाय आधी तपासून घेता येतात. आम्ही ते तपासले आणि मगच जुनी विंडोज काढली.