पहिली भेट: थोड्या वेळाची आणि दिवसाउजेडी

'हाय, जेवलीस का?' याच्या पुढे संभाषण सरकत नाही आणि पहिल्या भेटीला चित्रपट व नंतर जेवण ठरवावे का, असे आपण विचारले आहे. हिंज या डेटिंग ॲपवर समोरच्या व्यक्तीच्या एखाद्याच छायाचित्राला किंवा उत्तराला धरून लिहिता येते, त्या सोयीचा उपयोग जरूर करावा. छायाचित्रात राजगड दिसत असेल, तर 'छान फोटो' म्हणण्यापेक्षा 'पाली दरवाज्याने चढलात की गुंजवण्यातून चोर दरवाज्याने?' असे विचारावे; अशा प्रश्नाला हो-नाहीत उत्तर देता येत नाही आणि आपण नीट पाहिले आहे, हेही कळते.

चित्रपट मात्र मला अजिबात पटत नाही, कारण ज्या माणसाशी बोलायला गेलो त्याच्याशेजारी अडीच तास अंधारात गप्प बसावे लागते. आपण मुंबईत असल्याने काळा घोड्याजवळची जहांगीर आर्ट गॅलरी सुचवतो. १९५२ साली सुरू झालेल्या या कलादालनात प्रवेशशुल्क नाही, समोर चित्रे असल्यामुळे विषय शोधावा लागत नाही आणि क्षणभर शांतता पसरली तरी ती अवघड वाटत नाही. 'तासभर भेटू' असे आधीच सांगावे, म्हणजे निघताना कोणालाच कारणे शोधावी लागत नाहीत. गप्पा रंगल्याच, तर गेटवेपर्यंत चालत जाता येते. येणे-जाणे आपापले असावे, आणि घ्यायला येण्याचा आग्रह, कितीही सद्भावनेने केलेला असला तरी, धरू नये, कारण पहिल्याच भेटीत घराचा पत्ता देणे अनेक मुलींना सुरक्षित वाटत नाही.