प्रश्न: नवजात बाळाचा पहिला सीआरपी (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल, मग सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) नाही ना?

बाळ सुस्त आहे, अंगावर ओढत नाही, पण जन्मानंतर सहा तासांनी काढलेला सीआरपी ६ मिग्रॅ/लिटर आला म्हणून निश्चिंत राहू नका. यकृतातून तो रक्तात वाढायलाच १०-१२ तास लागतात. २४ तासांनी पुन्हा करा. प्रोकॅल्सिटोनिन (संसर्ग ओळखायची दुसरी रक्ततपासणी) लवकर चढतं खरं, पण पहिले ४८ तास निरोगी बाळातही वाढलेलं असतं. मोठ्यांची ०.५ नॅनोग्रॅम/मिलीची मर्यादा इथे हमखास फसवते, म्हणून लॅबच्या फॉर्मवर बाळाचं वय तासांत लिहा.

जत-आटपाडीहून नमुना लांब मिरजेच्या लॅबला जाणार असेल तर कल्चरसाठी (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) किमान १ मिली रक्त आधी घ्या (कमी रक्तात जंतू निसटतात) आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करा. रिपोर्टची वाट बघू नका. दोन सीआरपी १० मिग्रॅ/लिटरच्या खाली, कल्चर निगेटिव्ह आणि बाळ चांगलं असेल, तर ३६-४८ तासांनी औषध थांबवता येतं.