हलीमा एडनने रॅम्प सोडला, ते बरोबरच होतं

वैजू_ठाणे

माझी भाची फॅशन डिझाइन शिकते. परवा जेवताना ‘मॉडेस्ट फॅशन’चा, म्हणजे अंग झाकणाऱ्या कपड्यांच्या फॅशनचा विषय निघाला आणि ती म्हणाली, “हलीमा एडनला एवढी संधी मिळाली होती, आणि हिजाबापायी सगळं सोडून बसली.” मला ते पटलं नाही, पण ताटावर बसून नीट सांगताही येईना. म्हणून इथे सविस्तर लिहिते. तुमची मतं हवी आहेत, विरोधी असली तरी.

हलीमा ही सोमाली वंशाची अमेरिकन मॉडेल. तिची आई सोमालियातल्या यादवीतून जीव वाचवून केनियात आली आणि १९९७ साली काकुमाच्या निर्वासित छावणीत हलीमाचा जन्म झाला. लहानपणीच ती अमेरिकेत गेली, मिनेसोटातल्या सेंट क्लाउडला वाढली. मॉडेल होण्याआधी ती तिथल्या रुग्णालयात साफसफाईचं काम करायची. २०१६ मध्ये ती मिस मिनेसोटा यूएसए स्पर्धेत हिजाब घालून उतरली आणि पोहण्याच्या पोशाखाच्या फेरीत बुर्किनी, म्हणजे केसांसकट अंग झाकणारा पोशाख, घालून. त्या स्पर्धेत असं करणारी ती पहिलीच. ती उपांत्य फेरीपर्यंत पोचली. त्यानंतर आयएमजी या बड्या मॉडेलिंग एजन्सीने तिला घेतलं, तेव्हा तिने करारात कलम घालून घेतलं की हिजाब कधीही काढायला लावायचा नाही. तेव्हा वय एकोणीस! कागद न वाचता सह्या करणारी मोठमोठी माणसं मी ऑफिसात रोज बघते.

मग तीन वर्षं ती सगळीकडे होती. न्यूयॉर्कचा रॅम्प, मिलानचा रॅम्प, ‘व्होग अरेबिया’चं मुखपृष्ठ, २०१९ मध्ये केनियातल्या वाटामूच्या किनाऱ्यावर बुर्किनीतले फोटो. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर तिने एकामागून एक जुने फोटो टाकले आणि सांगितलं की हे आता पुरे. त्यातला एक फोटो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. डोक्याला स्कार्फऐवजी जीन्स गुंडाळली आहे. ती लिहिते, मी त्या काळात फक्त स्कर्ट आणि लांब झगे घालायचे, मग यांना माझ्या डोक्यावर जीन्स का ठेवू दिली?

माझा मुद्दा इथे आहे. केस झाकलेले होते, म्हणजे कलम पाळलं गेलं होतं. कोणी करार मोडला नव्हता. पण तिची वस्तू, तो हिजाब, हळूहळू स्टायलिस्टची होत गेली. आई किती तरी आधीपासून सोड म्हणत होती. आपलं काय चाललंय हे कळल्यावर नाव, पैसा, मुखपृष्ठं बाजूला ठेवून बाहेर पडणं याला मी हार म्हणणार नाही.

अनिकेत_पुणे

वैजूताई, मुलीच्या धैर्याबद्दल वाद नाही. पण तिने सांभाळली ती वस्तू आली कुठून, हे तुम्ही विचारलंच नाही.

इमान ही सोमाली मॉडेल तुम्हाला माहीत असेल. १९५५ साली मोगादिशूत जन्मली, वडील राजनैतिक सेवेत. १९७५ मध्ये नैरोबीत शिकत असताना तिला एका छायाचित्रकाराने हेरलं आणि ती जगातल्या सगळ्यात मोठ्या मॉडेलांपैकी एक झाली. डोक्यावर काही नाही. त्या काळातले मोगादिशूचे फोटो बघा. बायका गुन्तीनो नेसलेल्या दिसतात. लांब कापड, अंगाभोवती गुंडाळून एका खांद्यावर गाठ. आपल्या साडीची सख्खी बहीण शोभावी. दंड उघडे, मान उघडी. १९९१ मध्ये सरकार कोसळलं, यादवी पेटली, छावण्या उभ्या राहिल्या आणि त्यानंतर डोक्यापासून झाकणारा जाड, पायघोळ जिलबाब सर्रास झाला. इमान आणि हलीमा यांच्यात चाळीसएक वर्षांचं अंतर आहे आणि मध्ये एक देश मोडून पडलाय. हलीमाची ‘निवड’ त्या मोडण्यातून आलेली आहे.

आणि सोमाली मॉडेलने राजकारण करायचं तर वारिस डिरीकडे बघा. मुलींच्या खतन्याविरुद्ध ती उभी राहिली, स्वतःवर काय झालं ते जगासमोर सांगितलं, १९९७ पासून संयुक्त राष्ट्रांची विशेष दूत म्हणून फिरली. रॅम्पवर मिळालेलं नाव तिने आपल्याच समाजातल्या क्रूर प्रथेवर घाव घालायला वापरलं. आपल्याकडे १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांना घेऊन विधानभवनावर गेले, तोंडी तलाक बंद करा म्हणून. फक्त सात! मला त्या वाटेची माणसं हवीत. पडद्याला मुखपृष्ठावर नेण्यात कसली आलीय सुधारणा?

शिंपीण

मी कपड्याच्या धंद्यात बावीस वर्षं आहे, म्हणून कपड्याबद्दलच बोलते.

अंग झाकणारा कपडा सोपा असतो असं लोकांना वाटतं. उलट आहे. बाही मनगटापर्यंत हवी पण हात वर केला की सरकता कामा नये. कापड पातळ असेल तर अस्तर लागतं, अस्तर लावलं की कापड अंगावर नीट पडत नाही आणि उकडतं. गळा बंद ठेवून डोकं आत जाईल अशी चेन नाहीतर बटणपट्टी काढावी लागते. मोठ्या ब्रँडना हे कळायला उशीर झाला. दोल्चे अँड गबानाने अबाया, म्हणजे पायघोळ झगे, काढल्या २०१६ मध्ये, नायकेचा खेळायचा हिजाब आला २०१७ मध्ये. गिऱ्हाईक तर त्याच्या कितीतरी आधीपासून होतं, स्वतःच शिवून घेत होतं.

हलीमाच्या गोष्टीत मला लागलं ते दुसरंच. तिला कपडे बदलायला वेगळी, बंद जागा मिळायची. एका शोला तिच्यासारखीच हिजाब घालणारी दुसरी नवी मुलगी होती, तिला सांगितलं, बाथरूम शोध आणि तिथे बदल. हे हलीमानेच नंतर मुलाखतीत सांगितलं. बॅकस्टेजला मी कित्येकदा उभी राहिले आहे. चाळीस मुली, मधून फोटोवाले, इस्त्रीवाले, पोरं ये-जा करतात, आणि मुली उघड्यावर कपडे बदलतात. हिजाबवालीलाच तेवढी लाज असते असं थोडंच आहे?

मिनियापोलिसवाला

इकडे मिनेसोटातच चौदा वर्षं राहतोय म्हणून थोडं. आमच्या शहरातल्या कार्मेल मॉलमध्ये गेलात तर दुकानांच्या रांगाच्या रांगा सोमाली बायका चालवताना दिसतील. कापड, अत्तर, सोनं, चहा, सांबुसा. (हो, आपल्या समोशाचाच भाऊ.) मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक आजी गल्ल्यावर बसून दोन फोनवर एकदम सौदा करत होत्या, पायघोळ जिलबाबात. दबलेली बाई म्हणायची माझी छाती झाली नाही.

सीडर-रिव्हरसाइड वस्तीतल्या मुलींचा किस्सा इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. बास्केटबॉल खेळताना लांब कपडे पायात यायचे, स्कार्फ सुटायचा. मग त्या मुलींनीच मिनेसोटा विद्यापीठाच्या मदतीने स्वतःचे खेळाचे कपडे डिझाइन केले, २०१५ मध्ये. नायकेचा हिजाब येण्याआधी.

आणि राजकारणाचं म्हणाल तर इल्हान ओमर आमच्याच मतदारसंघाची. तीही निर्वासित, चार वर्षं केनियातल्या छावणीत काढलेली. जानेवारी २०१९ मध्ये तिने खासदारकीची शपथ घेतली, तेव्हा प्रतिनिधीगृहात १८३७ पासून असलेला, डोक्यावर काही घालायला बंदी करणारा नियम बदलावा लागला. त्याच वर्षी जुलैत अध्यक्ष ट्रम्प यांच्या सभेत ‘हिला परत पाठवा’ अशा घोषणा झाल्या. तिची सगळी मतं मला पटत नाहीत, मी ते तिच्या कार्यालयाला पत्र लिहून कळवलंही आहे. पण तिच्या डोक्यावरच्या रुमालावरून तिला मोजणाऱ्यांत मी नाही.

सईदा_मिरज

अनिकेतदादा, तुमचं वाचून आधी राग आला, मग वाटलं की अर्धं खरं आहे. म्हणून दोन्ही लिहिते.

माझी आजी नऊवारी नेसायची. पदर डोक्यावरून, काष्टा घट्ट, रानात खुरपायला जायची. बुरखा तिने आयुष्यात घातला नाही. तिच्या लुगड्याचा एक तुकडा आईने ट्रंकेत जपलाय, हिरवा, काठ विरलेला. मी स्कार्फ बांधते. म्हणजे तुम्ही गुन्तीनोचं जे सांगताय ते आमच्या घरातही झालंय, फक्त युद्ध न होता. हे मला माहीत आहे, आम्ही आपसात बोलतोही. पण ‘आजी घालत नव्हती म्हणून तूही घालू नकोस’ हे मी कोणाकडून का ऐकावं? आजी शाळेतही गेली नव्हती. मी एम.कॉम. आहे.

दलवाईंच्या मोर्चातल्या त्या सात जणी स्वतःचं गाऱ्हाणं मांडायला गेल्या होत्या. त्या बायका बोलल्या, म्हणून मोर्चाला मोल. आता २०२१ मध्ये फ्रान्सच्या सिनेटने अठराखालच्या मुलींना सार्वजनिक जागी हिजाबबंदी करा असं मत दिलं, तेव्हा रावदा मोहम्मद या नॉर्वेतल्या सोमाली मॉडेलने तळहातावर ‘माझ्या हिजाबाला हात लावू नका’ असं लिहून फोटो टाकला, आणि ते जगभर पसरलं. अंतिम कायद्यात ती बंदी आली नाही. हेही स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः मांडणंच आहे ना?

मला एका दुकानात हिशेबाच्या नोकरीसाठी बोलावलं होतं. सगळं ठरलं, पगारही. शेवटी मालक म्हणाले, “तेवढं डोक्यावरचं काढून येत जा.” मी कॅल्क्युलेटर त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घरी आले. हलीमाने करारात जे कलम घालून घेतलं ना, तसं कलम मागायची सोय मला नव्हती. म्हणून मला तिचं कौतुक आहे.

अनिकेत_पुणे

सईदाताई, मालकाचं वागणं चूकच. चेंबूरच्या महाविद्यालयाने काढलेल्या हिजाबबंदीच्या परिपत्रकाला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अंशतः स्थगिती दिली, तेव्हा मीही समाधान मानलं होतं, कारण बंदीने मुली शाळा-कॉलेजबाहेर जातात. बंदीच्या बाजूने मी नाही.

माझी अडचण अशी की कलम एकाच दिशेचं आहे. न काढण्याचं. काढायचं ठरवलं त्या मुलीचं काय? महसा अमिनीला २०२२ मध्ये इराणच्या तेहरानमध्ये केस नीट झाकले नाहीत म्हणून पकडलं, आणि ती कोठडीतून जिवंत परत आली नाही. सोमालियात संसदेतल्या ३० टक्के जागा बायकांना देऊ असं ठरलं होतं. २०१६-१७ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्येही तो आकडा गाठला नाही. तिथल्या बाईला मुखपृष्ठावरच्या हिजाबाने काय मिळालं?

वैजू_ठाणे

अनिकेत, गुन्तीनोचा मुद्दा मी मानते, मला हे माहीत नव्हतं. भाचीलाही वाचायला दिला. पण तेहरानच्या मुलीला जबरदस्तीने झाकायला लावलं आणि सईदाला जबरदस्तीने काढायला सांगितलं, यात हात एकच आहे: दुसऱ्याचा. हलीमा त्या हाताशी दोनदा भांडली. एकदा कलम घालून, आणि कलम पोकळ झाल्यावर सोडून. वारिस डिरीचं काम मोठं आहेच. पण प्रत्येक सोमाली मुलीने तेच काम करावं, नाहीतर तिचं काही खरं नाही, असं आपण इमानबद्दल म्हणतो का?

शिवाय ती घरी बसलेली नाही. २०२१ मध्ये तुर्की कंपनी मोदानिसासाठी तिने स्वतः स्कार्फ आणि टर्बन डिझाइन केले. तिथे डोक्यावर काय येणार ते तिने ठरवलं.

अनिकेत_पुणे

इमानबद्दल म्हणत नाही, हे खरं. त्यावर मला विचार करावा लागेल. मोदानिसाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. बाजार तोच, फक्त मालक वेगळा.

सईदा_मिरज

दादा, बाजारात गल्ल्यावर कोण बसलंय यानेच फरक पडतो. मिनियापोलिसच्या त्या आजींना विचारा.

शिंपीण

वैजूताई, तुमच्या भाचीला एक सांगा. तिच्या कॉलेजचा वार्षिक शो असेल, तेव्हा बॅकस्टेजला कपडे बदलायला पडदा मागायचा. सगळ्या मुलींसाठी. दोन मोठ्या चादरी, एक दोरी, आठ-दहा चिमटे, याहून जास्त खर्च नाही. मी पुढच्या महिन्यातल्या कामाच्या यादीत आयोजकांना पहिल्या ओळीत हेच लिहून पाठवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.