खळ्याची जागा नकाशावर 'मोकळी' दाखवावी का?

प्रश्न: मुंबईतल्या वेसावे कोळीवाड्याचा नकाशा करतोय. बोंबील सुकवायची जागा, म्हणजे खळं, पावसाळ्यात रिकामी दिसते. 'मोकळी जागा' लिहिलं तर चालेल?

उत्तर १: कृपा करून तसं लिहू नका! 'मोकळी' लिहिलं की उद्या तिथे पार्किंग येतं. बोंबलात पाणी फार, म्हणून जमिनीवर पसरला की वास मारतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीच्या (मासे सुकवायच्या बांबूच्या मांडणीच्या) बांबूवर टाकतात, म्हणजे खालून-वरून वारा लागतो. कडक ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत कडकडीत होतो. ढग आले की अळ्या पडतात. म्हणून वाऱ्याच्या बाजूला उंच भिंत आली तर वलांडी असून नसल्यासारखी. जवळा मात्र जमिनीवरच पसरतात, त्याला वेगळी स्वच्छ जागा दाखवा.

उत्तर २: मोजणी एकदाच करू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा होड्या वर ओढलेल्या आणि डोल जाळी दुरुस्तीला पसरलेली असतात. हळदीचा मांडव, शिमग्याची होळी, नारळी पुनवेची मिरवणूक यांची वाट आणि जागा वेगवेगळ्या रंगांत काढा. होळीभोवती बायका फेर धरून नाचतात, तेवढं वर्तुळही सोडा. जागा ठरवताना म्हाताऱ्या कोळणींना विचारा, त्यांना इंच न् इंच ठाऊक असतो.

उत्तर ३: 2011 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत मुंबईतले कोळीवाडे नकाशावर आणायला सांगितलं होतं. घरांसोबत खळं, वलांड्या, बंदराची वाटही सीमेच्या आत घ्या.