धनवान महापौर कुणाला बांधील असतो? ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीवर चर्चा

रामबागकर :
इंदूरला पुढचा महापौर यशस्वी उद्योजक मिळावा, असे आपल्या मंडळींत वारंवार बोलले जाते आणि दाखला न्यूयॉर्कच्या मायकेल ब्लूमबर्ग यांचा दिला जातो. तो दाखला मला रास्त वाटतो. १९८१ मध्ये नोकरी गेल्यावर ज्यांनी वित्तीय माहितीचा स्वतःचा व्यवसाय उभारला, ते २००२ ते २०१३ अशी बारा वर्षे महापौर राहिले आणि वर्षाला एक डॉलर वेतन घेत राहिले. कुणाच्या देणगीवर निवडून आलेले नसल्यामुळेच त्यांना २००३ मध्ये बार आणि उपाहारगृहांतले धूम्रपान बंद करण्याचा अप्रिय निर्णय घेता आला. नागरिकांच्या तक्रारींसाठी ३११ हा एकच दूरध्वनी क्रमांकही त्याच वर्षी सुरू झाला.

लोकमान्य नगर :
रामबागकर, एका डॉलरचे कौतुक निवडणूक खर्चाचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय पुरे होत नाही. २००९ मध्ये त्यांनी स्वतःचे दहा कोटींहून अधिक डॉलर खर्च केले आणि तरीही पाच टक्क्यांहून कमी फरकाने ते निवडून आले. मुळात ती निवडणूक त्यांना लढवताच आली नसती. न्यूयॉर्ककरांनी १९९३ मध्ये सार्वमताने महापौरपद दोन मुदतींपुरते मर्यादित केले होते आणि १९९६ मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले होते. परंतु २००८ मध्ये आर्थिक संकटाचे कारण पुढे करून नगर परिषदेने २९ विरुद्ध २२ मतांनी ती मर्यादा तीन मुदतींवर नेली आणि जनतेला पुन्हा विचारले नाही. त्यांच्या खासगी देणग्या घेणाऱ्या काही संस्थांना मुदतवाढीच्या बाजूने बोलण्यास सांगितले गेले, अशी वृत्तेही तेव्हा छापून आली. महापौर कंत्राटदारांचा मिंधा नसावा हे मान्य. मात्र शहरातल्या सेवाभावी संस्था महापौरांच्या मिंध्या होणार असतील, तर आपण काय मिळवले?

सुदामा नगर :
पोलिसांच्या झडतीसत्राचा उल्लेख अजून कसा झाला नाही? रस्त्यावर अडवलेल्यांची नोंद २००२ मधील सुमारे ९७ हजारांवरून २०११ मध्ये ६ लाख ८५ हजारांवर गेली. अडवलेले बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, आणि दहापैकी जवळपास नऊ जणांवर कोणतीही कारवाई झाली नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. ब्लूमबर्ग यांनी क्षमा मागितली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर करण्याच्या आठवडाभर आधी. मुहूर्त चांगला साधला!

रामबागकर :
२००२ ते २०१३ या काळात शहरातले खून वर्षाला ५८७ वरून ३३५ वर आले, हेही लिहायला हवे होते.

सुदामा नगर :
लिहितो. २०१४ मध्ये झडत्या पन्नास हजारांच्या खाली आल्या, तरी खून वाढले नाहीत. मग आधीच्या घटीचे श्रेय झडत्यांना कसे द्यावे?

टिळक नगर :
ब्लूमबर्ग यांच्याबद्दल दोन्ही बाजूंनी लिहिलेले बहुतांश खरे आहे, परंतु इंदूरसाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे. न्यूयॉर्कचा महापौर पोलीसप्रमुख स्वतः नेमतो आणि २००२ पासून तिथल्या शाळाही त्याच्या अखत्यारीत आहेत. आपला महापौर थेट जनतेकडून निवडला जातो खरा, पण पालिकेचा आयुक्त राज्य शासन पाठवते आणि पोलीसही राज्याचेच. कारखाना एकहाती चालवण्याची सवय असलेला गृहस्थ त्या खुर्चीत सहा महिन्यांत वैतागेल, असे मला वाटते. शिवाय, ज्या व्यावसायिक दृष्टीसाठी उद्योजक हवा म्हणतात, ती आपल्या पालिकेने त्याच्याविना दाखवली आहे. नर्मदेचे पाणी उपसून इंदूरपर्यंत आणण्याच्या विजेचे बिल हलके व्हावे म्हणून जलूदच्या सौर प्रकल्पासाठी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेले कर्ज) काढले, आणि त्यांना मागितलेल्या रकमेच्या कित्येक पट प्रतिसाद मिळाला.

रामबागकर :
रोख्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही नगरसेवकपदापासून चढत आलेला प्रत्येक उमेदवार पक्षाच्या तिकिटाचा ऋणी असतो, याचे उत्तर टिळक नगरकरांनी दिलेले नाही.

लोकमान्य नगर :
पक्षाचे ऋण मतपेटीतून फेडून घेता येते, कारण पक्षाला पुढच्या वेळी पुन्हा आपल्याच दारी यावे लागते. दहा कोटी डॉलर खिशातून खर्च करू शकणाऱ्याला आपल्या वर्गणीची, कार्यकर्त्यांची किंवा नाराजीची गरज किती उरते, ते त्या २९ विरुद्ध २२ च्या मतदानात दिसले. इंदूरच्या उद्योजकाने जरूर उभे राहावे; मात्र खर्चाची मर्यादा त्यालाही इतरांइतकीच काटेकोरपणे लागू व्हावी आणि निवडून आल्यास शहरातल्या संस्थांना खासगी देणग्या देणे त्याने पदावर असेपर्यंत थांबवावे, एवढी माझी अट आहे.