'डेटा अवैध आहे' याऐवजी एररमध्ये नेमकं काय द्यावं?

प्रश्न: आमच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामकडून डेटा घेणाऱ्या सेवेला) एका रिक्वेस्टमध्ये शेकडो नोंदी येतात. एक चुकली तरी ४०० (रिक्वेस्ट चुकीची, असं सांगणारा एचटीटीपी कोड) आणि 'डेटा अवैध आहे' एवढंच परत जातं. मेसेज कसा रचावा? कोड कुठे बदलावा लागेल?

उत्तर १: जागा, आलेली किंमत (व्हॅल्यू) आणि अपेक्षा, तिन्ही हवीत. 'अवैध तारीख' नको. 'नोंद १७, जन्मतारीख: "३१/०२/१९९०" ही तारीख अस्तित्वात नाही, त्या फेब्रुवारीत २८च दिवस होते' असं द्या. फॉरमॅट चुकणं आणि तारीखच नसणं या दोन वेगळ्या चुका आहेत, पण पार्सर (मजकुरातून तारीख वाचणारा कोड) बऱ्याचदा दोन्हींना एकच एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा, फेकतो. तिथेच त्या वेगळ्या करा, वरच्या थरापर्यंत कारण हरवलेलं असतं. किंमत अवतरणचिन्हांत ठेवा, म्हणजे शेवटी चिकटलेली स्पेस लक्षात येते. पासवर्ड, टोकन मात्र कधीच परत छापू नका. बाकी किंमतीही स्क्रीनवर दाखवताना एस्केप करा, म्हणजे त्यातली खास चिन्हं कोड म्हणून चालणार नाहीत.

उत्तर २: पहिल्या चुकीवर थांबू नका, सगळ्या गोळा करून एकदम द्या. पण तारीख पार्सच झाली नसेल, तर 'शेवट सुरुवातीनंतरचा हवा' हा नियम त्या नोंदीपुरता वगळा. नाहीतर एका चुकीचे दोन मेसेज जातात आणि माणूस भलतंच दुरुस्त करत बसतो.

उत्तर ३: रचनेसाठी आरएफसी ९४५७ बघा (एपीआयच्या एररचा साचा ठरवणारं मानक, २०२३, जुन्या ७८०७च्या जागी आलेलं). त्यातल्या उदाहरणात प्रत्येक चुकीला तपशील आणि जेसन पॉइंटर (पाठवलेल्या जेसन डेटातली नेमकी जागा दाखवणारा पत्ता) आहे. पॉइंटरमध्ये ॲरे शून्यापासून मोजतात, म्हणून वरची 'नोंद १७' तिथे १६ होईल. स्थिर एरर कोड आणि मर्यादेचे आकडे वेगळ्या फील्डमध्ये द्या. क्लायंटला वाक्य पार्स करायला लावलं की शब्द बदलताच त्याचा कोड मोडतो. जेसन नीट वाचता आलं पण नियमात बसलं नाही, तर ४००ऐवजी ४२२ हा कोड योग्य.

प्रश्नकर्ता: 'कमाल २० अक्षरे' ही एरर १२-१३ अक्षरांच्या मराठी नावांनाही येते. ती का?

उत्तर १: मोजणी बाइट किंवा कोडपॉइंटमध्ये (युनिकोडने क्रमांक दिलेल्या सुट्या चिन्हांत) होत असणार. 'क्षि' वाचणाऱ्याला एक अक्षर, पण त्यात ४ कोडपॉइंट आहेत आणि यूटीएफ-८मध्ये (मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) १२ बाइट. मेसेज सुधारून हे सुटणार नाही. कॉलमची मर्यादा वाढवा आणि तपासणी ग्राफीम क्लस्टरवर (वाचणाऱ्याला एक दिसणाऱ्या अक्षरावर) करा. बाइटची मर्यादा हलवता येत नसेल, तर निदान 'मजकूर ९ बाइटने जास्त आहे' असं तरी खरं सांगा.