अडतीवरचा डॉस प्रोग्राम: नव्या मशीनवर ओढत न्यावा की सोडावा?

अमळनेरकर: आमच्या अडतीवर 1995 पासून फॉक्सप्रोत (नोंदी-हिशेबाचे प्रोग्राम लिहायची जुनी भाषा) लिहिलेला, डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरचा प्रोग्राम आहे. वजन, भाव, हमाली, तोलाई टाकली की पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद) तयार. पोळ्याच्या आदल्या दिवशी, मुगाची आवक ऐन भरात असताना जुना कॉम्प्युटर गेला. नव्यात विंडोज 11, प्रोग्राम उघडेचना. भाच्याने डॉसबॉक्स (नव्या मशीनमध्ये जुन्या डॉस मशीनची नक्कल उभी करणारा प्रोग्राम) टाकला, तर 'डिव्हाइड बाय झिरो' म्हणून बंद. मग कंट्रोल-एफ11 दाबत वेग उतरवला आणि सुरू झाला! हळू केल्यावर चालणारी वस्तू आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. माझं मत: चालतंय ना, मग चालू द्या.

भुसावळचा_जावई: भाऊ, डॉसबॉक्स बनलाय जुन्या गेमसाठी. दोन टेबलांवरून एकच फाइल उघडाल तर लॉकिंगचा (एकाच वेळी दोघांना एकच नोंद बदलू न देण्याचा) भरवसा नाही. इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) बिघडला की शेतकऱ्यांना काय सांगणार?

तापीकाठ: मग व्हीडॉस वापरा, तोही डॉसबॉक्ससारखाच, पण ऑफिसच्या प्रोग्रामांसाठीच आहे, विंडोजच्या प्रिंटरवर छपाईही होते. आणि वेगाचं कोडं साधं आहे. प्रोग्राम सुरुवातीला एक लूप (तीच क्रिया पुन्हा पुन्हा) फिरवून मशीनचा वेग मोजतो. नवं मशीन इतकं चपळ की लागलेला वेळ शून्य, आणि त्यानेच भागाकार! प्रोग्रामला म्हातारा म्हणून हाकलू नका. 64-बिट विंडोजनेच डॉसच्या काळातल्या 16-बिट प्रोग्रामांना दार बंद केलंय.

भुसावळचा_जावई: दार किलकिलं करून किती दिवस? तोलाईचा दर बदलला तर कोण बदलणार? सोर्स (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला कोड) आहे का?

अमळनेरकर: नाही. लिहिणारा पोरगा केव्हाच पुण्याला गेला. दर आतच गाडलेला आहे. दिवाणजी पट्टीवर पेनाने खोडून नवा लिहितात.

भुसावळचा_जावई: बघा! याला चालणं म्हणतात?

तापीकाठ: हे मात्र खरं. पण एकदम नवं पॅकेज घेऊ नका, हंगामात तर नाहीच. डीबीएफ फाइलची (फॉक्सप्रो ज्यात नोंदी ठेवतो ती) कॉपी काढून लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा प्रोग्राम) उघडा. फाइल म्हणजे कुणाची कोठडी नाही, डेटा सहज बाहेर येतो. मूळ फाइलवर सेव्ह मात्र करू नका.

अमळनेरकर: काल उघडली. आकडे बरोबर आले. नावं वीस अक्षरांवर तुटलेली, पण ती पहिल्यापासूनच तशी. दिवाणजींना बसवलं. दोन ओळी भरल्या आणि चष्मा काढून म्हणाले, "एंटर मारला की हे खाली का पळतं? पुढच्या खान्यात कोण जाणार?"